सुटीलाही बदली माणूस लागतो

(चेन्नई येथे पेरांबूर भागात भरलेल्या मराठी भाषक रेल्वे व टपाल कामगारांच्या कौटुंबिक मेळाव्यात एका रेल्वे कामगार संघटनेच्या शाखा सचिवांनी केलेले भाषण.)



फेडरेशनच्या बैठकीसाठी मी सोलापूर विभागातून चेन्नईला आलो आणि तुम्ही मला या मेळाव्याला बोलावलेत, याबद्दल प्रथम तुमचे आभार मानतो. मी कॅरेज-वॅगन खात्यातला साधा फिटर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. मेळावा कौटुंबिक आहे, समोर लेकरेबाळे बसली आहेत, मे महिन्याची सुटी जवळ आली आहे. म्हणून आज मी महागाई भत्ता आणि पेन्शन बाजूला ठेवून सुटीवर बोलणार आहे. पण आपल्या सुटीवर नव्हे. ज्यांना रजेचा अर्ज करायला साहेबच नाही, अशा माणसांच्या सुटीवर.

तुम्ही म्हणाल, त्यांचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्याच घरात आहे. आज आपल्यापैकी किती घरांत दोघेही पगारावर आहेत? एक जण रेल्वेत किंवा टपालात असतो. दुसरा शिवणकाम करतो, डबे देतो, शिकवण्या घेतो, रिक्षा चालवतो, मोबाईल दुरुस्त करतो, नाहीतर पाठीवर पेटी घेऊन घरोघर जेवण पोहोचवतो. आपल्याला वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा आहे, पास आहे, पीटीओ आहे. टपालवाल्यांना एलटीसी आहे. पण पास हातात आला तरी घरचे माणूस सुटत नाही. मग आपण एकटेच गावी जातो, किंवा पास वाया जातो.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या मंडळी कुर्डुवाडीच्या क्वार्टरमध्ये वीस वर्षे शिवणकाम करीत आहेत. एका वर्षी मी रामेश्वरचा पास काढला, रजा मंजूर करून घेतली, आरक्षण केले. निघायच्या चार दिवस आधी त्या म्हणाल्या, "अहो, लग्नाचे अकरा ब्लाउज हातात आहेत. नाही दिले तर हे घर कायमचे तुटेल. तुम्ही मुलांना घेऊन जा." मी चिडलो. "तुझ्या अकरा ब्लाउजपायी माझा पास वाया जातोय," असे मुलांच्या देखत बोललो. त्या काही बोलल्या नाहीत. मशीन चालूच राहिले. आम्ही तिघे रामेश्वरला जाऊन आलो. त्यांनी रामेश्वर अजून पाहिलेले नाही.

मित्रहो, त्या काळात मी शाखेत रिलीव्हरच्या जागांसाठी भांडत होतो. माणूस रजेवर गेला तर त्याच्या जागी माणूस मिळालाच पाहिजे, नाहीतर रजा कागदावरच राहते, असे मी प्रत्येक गेट मीटिंगला सांगत होतो. आणि घरी, माझ्या बायकोचा रिलीव्हर कोण, हा प्रश्न मला सुचला नाही. सुचायला दहा वर्षे लागली. ती माझी चूक होती आणि ती आज मी तुमच्यासमोर कबूल करतो.

आता चेन्नईकडे येतो. माझा धाकटा भाऊ इथे सावकारपेठेत गलाईच्या धंद्यात आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी भागातली माणसे पाऊस नाही, शेत पिकत नाही म्हणून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली. चेन्नईच्या सावकारपेठेत त्यांच्या भट्ट्या आहेत. सोनाराकडून जुने दागिने येतात, ते मुशीत वितळवायचे, तेजाबात शुद्ध करायचे आणि सोने परत द्यायचे. दुसऱ्याचे सोने आपल्या हातात असते. दर रोज बदलतो, म्हणून गिऱ्हाइकाला माल त्याच दिवशी हवा असतो. दुकान बंद दिसले तर तो चार पावलांवरच्या दुसऱ्या भट्टीकडे जातो आणि मग तिकडचाच होतो.

भाऊ गावच्या यात्रेला दर वर्षी येतो. पण कसा येतो? सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी, आणि उतरल्यापासून फोन कानाला. पालखी दारात आली तरी हा गोठ्यामागे उभा राहून भाव सांगतोय. जेवताना फोन उजव्या हाताशी. तिसऱ्या दिवशी परत. एकदा आमच्या आईने त्याच्याकडे बघून मला विचारले, "पोरगं आलंय म्हणून मी वाट बघत हुते. हे तर दुकानच आलंय रं घरला." भाऊ ऐकत होता. त्याने फोन खिशात घातला, आणि पाच मिनिटांनी परत काढला.

त्याला दोष देऊन उपयोग नाही. "जरा फोन बंद ठेव की," असे म्हणणे सोपे असते. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाची वेळ संपल्यावर साहेबाच्या निरोपापासून अलग राहण्याचा हक्क कायद्यात आला. ऑस्ट्रेलियात २०२४ साली आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. असे कायदे व्हावेत, आपल्याला ते हवेतच. पण ते नोकराला साहेबापासून वाचवतात. ज्याचा साहेब त्याच्या स्वतःच्या पोटात बसलेला आहे, त्याला कोणता कायदा वाचवणार? भावाला फोन करणारा कोणी अधिकारी नाही. फोन करतो तो गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणजे उद्याची भाकरी.

मग अशा माणसाने सुटी घ्यायचीच नाही का? बैलालासुद्धा बेंदूर असतो, पोळा असतो. इथे तमिळनाडूत माट्टू पोंगल असतो. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पण नीट पाहा. गावातला एकच बैल त्या दिवशी सुटा असतो काय? सगळ्या गावाचे बैल एकाच दिवशी सुटे असतात. म्हणून कोणाच्याही शेताचे नुकसान होत नाही. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. सुटी एकट्याने घेता येत नाही. ती ठरवून, एकमेकांच्या आधाराने घ्यावी लागते.

आपल्या चळवळीचा इतिहास हेच सांगतो. आज आपण ज्या रविवारी इथे जमलो आहोत, तो रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांना कोणी दान दिला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे लोखंडे यांनी आरंभी रेल्वे आणि टपाल खात्यातही नोकरी केली होती. टपाल खात्याने २००५ साली त्यांचे तिकीट काढले, हे टपालवाल्या बंधूंना आठवत असेल. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर त्यांनी सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. लोखंडे यांनी कामगाराला "तू एकटा घरी बस" असे सांगितले नाही. सगळ्या गिरण्या एकाच दिवशी बंद राहाव्यात, असे त्यांनी मागितले. एकटा बसला असता तर त्याची जागा दुसऱ्याने घेतली असती.

त्याच १८९० सालाच्या सुमारास मुंबईत आणखी एक काम सुरू झाले. महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचे काम संघटित केले. डबेवाल्यांना आपण रेल्वेवाले चांगले ओळखतो. लोकलच्या मालडब्यात त्यांचे पाट आपण रोज पाहिले आहेत. ही खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव, मुळशी भागातली माणसे. ते कोणाचे नोकर नाहीत. मुकादमाच्या हाताखाली गट असतो, गटातला प्रत्येक जण हिस्सेदार असतो. कोरोनाच्या आधी ते पाच हजारांच्या आसपास होते. २०२० साली लोकल बंद पडल्या तेव्हा त्यांचे फार हाल झाले आणि संख्या घटली.

या डबेवाल्यांची रीत आपण शिकण्यासारखी आहे. चैत्रात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा असतात. तेव्हा पाच-सहा दिवस मुंबईतला डबा बंद असतो. सगळे मिळून गावी जातात. २०२३ साली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते असेच गेले. आधी तारखा जाहीर करतात. गिऱ्हाइकांना सांगतात, आणि सुटीचा पगार कापू नका, अशी विनंतीही करतात. कोणी एकटा मागे राहून दुसऱ्याची गिऱ्हाइके पळवीत नाही. आणि वर्षभरात कोणी आजारी पडला, घरी लग्नकार्य निघाले, तर गटात जादा माणूस ठेवलेला असतो, तो त्याची लाइन सांभाळतो. शिकलेल्या कामगारांनी कोर्टकचेऱ्या करून मिळवलेली रजा आणि रिलीव्हर, या दोन्ही गोष्टी कमी शिकलेल्या माणसांनी आपापसात ठरवून उभ्या केल्या.

इथल्या कासिमेडू बंदरात हीच गोष्ट दुसऱ्या कारणाने घडते. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ती माशांच्या पैदाशीसाठी आहे, विश्रांतीसाठी नाही, आणि त्या दिवसांत कोळी बांधवांची ओढाताण होते, हे मला मान्य आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. एकट्याने बोट बांधली तर दुसरा त्याचा मासा नेतो. सगळ्यांनी बांधली तर कोणीच नेत नाही. आपल्याकडे बऱ्याच गावांत सोमवारी सलून बंद असते, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

ज्यांना अशी सगळ्यांची मिळून सुटी घेता येत नाही, त्यांचे काय? त्यांना बदली माणूस हवा. आमच्या खात्यात एक शिस्त आहे. रिलीव्हर आला, चार्ज घेतला, वहीत सही झाली, की मग माणूस मोकळा. सही झाल्यावर गाडी त्याच्या डोक्यात राहत नाही. रात्री झोप लागते ती त्या सहीमुळे. माझ्या भावाला सुटीत झोप लागत नव्हती, कारण त्याचा चार्ज कोणी घेतलेलाच नव्हता.

टपाल खात्यातले ग्रामीण डाक सेवक हे दुःख चांगले जाणतात. त्यांना वर्षाला वीस दिवसांची पगारी रजा आहे, पण रजेवर जाताना आपल्या जबाबदारीवर बदली माणूस उभा करणे त्यांच्या नियमातच आले. म्हणजे सरकारी काम करणाऱ्या या माणसाला रजेपुरते स्वतंत्र धंदेवाल्यासारखे वागावे लागते. बदली माणूस देण्याची जबाबदारी खात्याची असली पाहिजे, ही मागणी आपण सोडता कामा नये.

तीन वर्षांपूर्वी मी भावाला म्हणालो, "तुझ्या गल्लीत आपल्याच तालुक्यातल्या चार भट्ट्या आहेत. तुम्ही चौघे एकमेकांचे रिलीव्हर का होत नाही?" तो म्हणाला, "दादा, धंद्यात असं चालत नसतं. गिऱ्हाईक गेलं की गेलं." मी म्हटले, "एकदा करून तर बघ." गेल्या वर्षी त्यांनी केले. यात्रेच्या आठवड्यात दोघे गावी, दोघे इथे. दिवाळीत उलट. बंद दुकानाचे गिऱ्हाईक उघड्या दुकानात जाईल, त्याचे काम वेगळ्या वहीत लिहायचे, मजुरी निम्मी-निम्मी. दुकानाचा फोन बदली माणसाकडे ठेवायचा.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. एक जुना सोनार शेजारच्याकडेच राहिला, परत आला नाही. त्यावरून दोघांत महिनाभर बोलणे बंद होते. शेवटी चौघांनी बसून ठरवले, की असे गिऱ्हाईक राहिले तर वर्षभर त्याच्या मजुरीतला हिस्सा पहिल्याला द्यायचा. भांडण मिटले. आणि भाऊ त्या वर्षी आठ दिवस गावात राहिला. दोन दिवस त्याचा हात सारखा खिशाकडे जात होता. तिसऱ्या दिवशी तो विहिरीत पोरांना पोहायला शिकवत होता. आईने काही विचारले नाही. तिने फक्त चुलीवरून दुसरी भाकरी काढून त्याच्या ताटात टाकली.

बंधूंनो, आता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. घरी गेल्यावर आपल्या माणसांशी त्यावर बोला.

पहिली गोष्ट, तारीख. आपण रजेचा अर्ज आधी देतो तसा घरच्या धंदेवाल्यानेही द्यावा. गिऱ्हाइकाला महिनाभर आधी सांगावे, दुकानावर पाटी लावावी. आयत्या वेळी सांगितले की गिऱ्हाईक रागावते. आधी सांगितले की बहुतेक जण समजून घेतात.

दुसरी गोष्ट, बदली माणूस. शिवणकाम करणाऱ्या चार भगिनींनी, शिकवण्या घेणाऱ्या दोघांनी, एका स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी आपसात ठरवावे. हिस्सा किती, तक्रार झाली तर मिटवायची कशी, हे कागदावर लिहावे. तोंडी ठरले की भांडण ठरलेले.

तिसरी गोष्ट, पैसा. आपली रजा पगारी आहे, म्हणजे रजेचे पैसे मालक देतो. धंदेवाल्याने ते स्वतःलाच द्यायचे असतात. रोजचे सहाशे रुपये सुटत असतील आणि आठ दिवस जायचे असेल, तर चार हजार आठशे रुपये झाले. म्हणजे महिन्याला चारशे. ते पोस्टाच्या बचत खात्यात वेगळे टाकावेत. पैसे बाजूला नसले की माणूस देवळाच्या रांगेत उभा राहूनही बुडालेली मजुरी मोजत राहतो.

चौथी गोष्ट, फोन. दिवसाची एक वेळ ठरवा, अर्धा तास. तेवढ्यात बदली माणसाशी बोला, गिऱ्हाइकाशी नाही. आणि हे आपल्यालाही लागू आहे. रजेवर असलेल्या सहकाऱ्याला ग्रुपवर निरोप टाकून "तो नट-बोल्टचा साठा कुठं ठेवलाय?" असे विचारणारे आपणच असतो. शाखा सचिव म्हणून मीही तो गुन्हा केला आहे.

भगिनींच्या बाबतीत आणखी एक शब्द. गावी गेल्यावर आपण ओट्यावर पाय पसरून बसतो आणि वर्षभर मशीन चालवणाऱ्या बाईच्या हातात तिथे पोळपाट-लाटणे येते. ती सुटी नव्हे, ती नुसती जागा बदलून ड्युटी झाली. तिचा तिथला रिलीव्हर आपणच व्हायला हवे.

आणि शेवटी, आपण सगळे कोणाचे तरी गिऱ्हाईक आहोत. आपला डबेवाला, दूधवाला, इस्त्रीवाला आठ दिवस गावी गेला तर त्याचे पैसे कापू नका. त्याला फोन करून परत बोलावू नका. स्वतःच्या पगारी रजेसाठी घोषणा देणाऱ्याने दुसऱ्याची आठ दिवसांची मजुरी कापणे हे आपल्या झेंड्याला शोभत नाही. तमिळनाडू सरकारने २०२३ साली घरपोच सेवा देणाऱ्या कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले. अशा मंडळांपुढे पगारी सुटीचा प्रश्न नेणे हे आता संघटनांचे काम आहे. ज्याला साहेब नाही त्याला संघटना नको, हा समज आपण सोडला पाहिजे.

काल संध्याकाळी मी मरीनावर श्रमिकांचा पुतळा पाहायला गेलो. देवीप्रसाद रॉयचौधुरी यांनी घडवलेला, १९५९ साली बसवलेला. चार माणसे मिळून एक दगड हलवत आहेत. याच किनाऱ्यावर १ मे १९२३ रोजी सिंगारवेलू यांनी देशातला पहिला मे दिन साजरा केला. पुतळ्याखाली एक फुगेवाला बसला होता. त्याची बायको, दोन मुले शेजारी. मुले समुद्राकडे बोट दाखवत होती आणि तो म्हणत होता, थोडा वेळ, गर्दी ओसरू दे. मी त्या चौघांकडे पाहत राहिलो. एकाने हात काढला तर बाकी तिघांवर भार येतो. पाचवा माणूस जवळ उभा असेल, तरच पहिला थोडा वेळ बसू शकतो. तो पाचवा माणूस म्हणजे आपली संघटना, आपला शेजारी, आपला भाऊ.

जाता जाता घरचे सांगतो. या मे महिन्याचा पास मी काढला आहे. रामेश्वरचाच. आमच्या मंडळींचे हातातले काम शेजारच्या क्वार्टरमधल्या ताई घेणार आहेत. हिस्सा ठरला आहे, वहीत लिहिला आहे, आणि दोघींच्या सह्या झाल्या आहेत. सह्या मी स्वतः पाहिल्या.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो. कामगार एकजुटीचा विजय असो. जय हिंद, जय महाराष्ट्र, वणक्कम.